१५०० रुपयांत मांजरीचे कान कसे बरे करायचे

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पार्किंगमधून घरी आणलेली तुमची मनी दीड-दोन वर्षांची आहे. दोन महिन्यांपासून ती दोन्ही कान खाजवते, डोकं झटकते. कानात काळा मळ साठतो आणि उजव्या कानामागे नख्यांनी जखम झाली आहे. मेडिकलमधून माणसांचे कानात टाकायचे थेंब आणले, आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दवाखान्यात नेलं तर एक इंजेक्शन आणि एक बाटली मिळून १८०० रुपये झाले, पंधरा दिवस शांततेत गेले आणि खाज परत आली. घरात तिचं चार महिन्यांचं पिल्लूही आहे. तुम्ही शिकताय, महिनाअखेरपर्यंत हातात १५०० रुपये आहेत आणि तुम्हाला विचारायचंय की खोबरेल किंवा कडुनिंबाचं तेल घालून घरच्या घरी भागेल का.

मी पशुवैद्य आहे, सातारा भागात लहान प्राण्यांचा दवाखाना चालवते, आणि अशी मांजरं आमच्याकडे बारा महिने येतात. तेलानं भागणार नाही, हे आधीच सांगते. पण १५०० रुपयांत भागण्याची शक्यता चांगली आहे, फक्त पैसे योग्य क्रमानं खर्च व्हायला हवेत.

दोन महिन्यांत तुम्ही दोनदा पैसे मोजलेत आणि दोन्ही वेळा औषध अंदाजानं मिळालं. तुमच्या लिहिण्यात कुणी कानात ऑटोस्कोप, म्हणजे कान आतून बघायचं दिवा असलेलं उपकरण, घालून पाहिल्याचा, मळ काचेवर घेऊन तपासल्याचा उल्लेख कुठेच नाही. सगळं इथे अडलंय. कानाच्या दुखण्यात तपासणी स्वस्त असते, चुकीच्या बाटल्या महाग पडतात. म्हणून या १५०० मधले पहिले पैसे तपासणीचे. उरतील त्यात औषध बसवायचं.

मनीला न बघता इथून निदान करणं बरोबर नाही, पण वर्णनावरून पहिला संशय कशाचा घ्यायचा ते सांगू शकते. वय कमी, आयुष्याची सुरुवात रस्त्यावर, त्रास दोन्ही कानांना, मळ काळा आणि कोरडा, सोबत पिल्लू. हे सगळं जुळून येतं तेव्हा कानातल्या माइटचा संशय आधी येतो. याचं शास्त्रीय नाव ओटोडेक्टेस सायनोटिस. गोचिडीच्या दूरच्या नात्यातला हा आठ पायांचा जीव जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो कातडीत बिळं करत नाही, कानाच्या आतल्या कातडीवर फिरतो आणि तिथला मृत पापुद्रा आणि स्राव खातो. कान त्याला वैतागून भराभर मेण तयार करतो. ते मेण, वाळलेलं थोडं रक्त आणि किड्यांची घाण मिळून कॉफीच्या चोथ्यासारखा मळ तयार होतो.

तुमच्या दोन्ही उपचारांनंतर त्रास उलटला, त्याचं कारण बहुधा या किड्याच्या आयुष्यक्रमात आहे. अंड्यातून पिल्लू साधारण चार दिवसांत बाहेर येतं आणि अंड्यापासून अंडी घालणाऱ्या पूर्ण वाढीच्या किड्यापर्यंत सुमारे तीन आठवडे लागतात. बरीच औषधं अंड्यांवर चालत नाहीत. म्हणजे आज कानातले सगळे किडे मारले तरी अंडी शिल्लक राहतात आणि तीन आठवड्यांत नवी पिढी उभी राहते. आठवडाभराचे थेंब इथेच कमी पडतात. शिवाय माणसांच्या कानाच्या त्या थेंबांत बहुतेक वेळा प्रतिजैविक, बुरशीचं औषध, बधिर करणारं औषध आणि स्टेरॉइड असं मिश्रण असतं. किड्याला मारणारं त्यात काहीच नसतं. स्टेरॉइडमुळे सूज आणि खाज उतरते, तुम्हाला वाटतं गुण आला, आणि किडे आत तसेच असतात. दवाखान्यात दिलेलं इंजेक्शनही लांब काळ टिकणारं स्टेरॉइड असू शकतं. नक्की काय होतं ते मला माहीत नाही, म्हणून त्या दवाखान्यात फोन करून इंजेक्शनचं आणि बाटलीतल्या औषधाचं नाव लिहून घ्या. ते विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि पुढच्या डॉक्टरांना ती माहिती लागणार आहे.

दवाखान्यात जाण्याआधी घरी एक गोष्ट फुकट करता येते. कानाच्या बाहेरच्या वाटीतला मळ कापसावर हलकेच टिपून घ्या आणि काळ्या कागदावर पसरा. कागद दिव्याखाली मिनिटभर धरा आणि भिंगातून, नाहीतर फोनचा कॅमेरा जवळ नेऊन बघा. टाचणीच्या टोकापेक्षाही बारीक पांढरे ठिपके सावकाश सरकताना दिसले, तर ते माइट. व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवा. काही दिसलं नाही म्हणून माइट नाहीत असं मात्र समजू नका. मांजर डोकं झटकून किडे उडवते, आणि मोजकेच किडे असले तरी काहींना जबरदस्त खाज येते.

माइट नसतील तर काय, हेही थोडं समजून घ्या. तपकिरी, चिकट, आंबूस वासाचा मळ असेल तर मॅलॅसेझिया नावाची बुरशी असू शकते. ती निरोगी कानातही थोडी असते, सूज आली की बेसुमार वाढते. पिवळा-हिरवट पू, घाण वास आणि कानाला हात लावू न देण्याइतकं दुखणं असेल तर जिवाणू. बरेचदा माइटनं सुरुवात होते आणि मागून बुरशी नाहीतर जिवाणू येतात, म्हणून एकच औषध पुरं पडत नाही. त्रास एकाच कानाला असेल तर मी माइटकडे आधी जात नाही. तरुण मांजरात कानाच्या आत मऊ गाठ, म्हणजे पॉलिप, वाढलेला असू शकतो, किंवा काहीतरी अडकलेलं असतं. आणि कानाच्या आत फारसं काही नसून कडांवर राखाडी, जाड खपल्या धरल्या असतील, त्या कपाळाकडे सरकत असतील, तर ती खरूज आहे. तिचा किडा वेगळा, नोटोएड्रेस कॅटाय. आपल्याकडच्या भटक्या मांजरांत ती खूप दिसते आणि मांजर मांडीवर घेणाऱ्या माणसाच्या हातावरही खाजरे पुरळ उठवते. तुमच्या हातावर तसं काही असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

आता दवाखाना. आत गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "माझं बजेट १५०० आहे, त्यात आधी कान आतून बघून मळाचा स्मिअर करा, मग औषध ठरवू." यात लाजण्यासारखं काही नाही. आकडा आधी कळला की आम्हालाही काय आत्ता करायचं आणि काय पुढे ढकलायचं ते ठरवता येतं. आकडा कळला नाही की आम्ही आदर्श यादी लिहितो, आणि माणूस त्यातलं निम्मं घेऊन जातो, बरेचदा नको ते निम्मं. स्मिअर म्हणजे कापसाच्या काडीवर मळ घेऊन तो काचेवर फिरवायचा. एक काच तेलाच्या थेंबात माइटसाठी आणि दुसरी रंग देऊन बुरशी-जिवाणूंसाठी. सूक्ष्मदर्शक टेबलावर असेल तर दहा-पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं. दर शहरागणिक वेगळे, पण तपासणी आणि स्मिअर मिळून आमच्या भागात साधारण ५०० ते ७०० रुपयांत होतं. फोन करूनच विचारा, "मळाची स्लाइड तुमच्याकडे लगेच बघता का?" नाही म्हणाले तर दुसरीकडे फोन करा. रक्ताच्या तपासण्या, कल्चर (मळातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून बघणं) वगैरे पहिल्या भेटीत मनीसारख्या तरुण, खाऊनपिऊन नीट असलेल्या मांजरीला सहसा लागत नाहीत. पुढे गुण आला नाही तर त्यांची वेळ येते.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन विभागाचं जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. तिथे केसपेपरचे पैसे नाममात्र. गर्दी गाई-म्हशी-शेळ्यांची असते, पण मांजर बघतात. सकाळी लवकर जा. पशुवैद्यक महाविद्यालय जवळ असेल, म्हणजे परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर, तर तिथली ओपीडी फार चांगला पर्याय आहे. विद्यार्थी शिकत असतात, वेळ जास्त जातो, पण कान नीट बघितला जातो आणि स्लाइड हमखास होते. मुंबईकरांना परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल माहीतच असेल, ते १८८३ पासून चालू आहे.

औषधाकडे वळू. माइट निघाले तर माझी पहिली पसंती मानेवर टाकायच्या सेलामेक्टिनला. मानेच्या मागे, जिथे मांजरीची जीभ पोचत नाही तिथे केस बाजूला करून कातडीवर ट्यूब रिकामी करायची. औषध अंगात जातं आणि कानातल्या किड्यापर्यंत पोचतं. त्याचा असर महिनाभर टिकतो, म्हणून अंड्यातून नवे निघणारे किडेही त्यात सापडतात. वर सांगितलेल्या तीन आठवड्यांच्या हिशोबाला हे नेमकं उत्तर आहे. रोज कानात थेंब घालण्याची झटापट वाचते, पिसवाही जातात, खरजेवरही चालतं. महिन्यानं मी सहसा दुसरा डोस देते. ट्यूबची किंमत थेंबांच्या बाटलीपेक्षा जास्त दिसते, पण तुमच्यासारखे दोन अर्धवट उपचार झालेल्यांनी जुनी बिलं शेजारी ठेवून बेरीज करून बघावी.

याहून स्वस्त पर्याय आयव्हरमेक्टिन. सरकारी दवाखान्यात बरेचदा हेच मिळतं आणि वजन मोजून डॉक्टरांनी दिलं तर काम चांगलं करतं. पण हे स्वतः करायचं औषध नाही. दुकानात मिळणारं जनावरांचं इंजेक्शन १ टक्क्याचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतं. तीन किलोच्या मांजरीला त्यातलं ०.१ मिलिलिटरही लागत नाही. साध्या सिरिंजवर ते मापताना जरा हात सरकला की दुप्पट-तिप्पट डोस जातो, आणि मग थरथर, आंधळेपण, बेशुद्धी. लहान पिल्लाला तर मी ते देतच नाही.

स्मिअरमध्ये बुरशी किंवा जिवाणूही दिसले तर त्यानुसार प्राण्यांचे कानाचे थेंब लागतील. इथे डॉक्टरांनी कानाचा पडदा शाबूत आहे का ते बघणं फार महत्त्वाचं. पडदा फाटलेला असेल आणि जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब आत गेले, तर मांजरीचं ऐकू येणं आणि तोल दोन्ही जाऊ शकतं. मेडिकलमधल्या थेंबांची उरलेली बाटली आता बंद करून ठेवून द्या.

काय करायचं नाही, ही यादी मला मनापासून महत्त्वाची वाटते, कारण पैसे वाचवायला केलेल्या गोष्टींमुळे मांजरं मरताना मी पाहिली आहेत. कुत्र्यांचं गोचिडीचं स्पॉट-ऑन, म्हणजे मानेवर टाकायचं औषध, मांजरीला कधीही लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजरीला काही तासांत झटके सुरू होतात. दुखतंय म्हणून पॅरासिटॅमॉल देऊ नका, एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेते. तिच्या यकृताला ते पचवताच येत नाही. माणसांच्या कानातलं मेण विरघळवणाऱ्या थेंबांत बरेचदा बेन्झोकेन आणि टर्पेंटाइन असतं. बेन्झोकेनमुळे मांजरीच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. टी ट्री ऑइल, कापूर, फिनाइल, रॉकेल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काहीही कानात नको. डेटॉलही नको.

तुम्ही विचारलेल्या तेलांबद्दल. खोबरेल तेलाचे दोन थेंब वाळलेला मळ मऊ करतात, काही किडे त्यात गुदमरतातही, म्हणूनच आजीच्या काळापासून ते चालत आलंय. पण अंडी राहतात, आणि आत बुरशी असेल तर तेलकट, ओलसर कान तिला मानवतो. शिवाय तेलानं भरलेला कान दवाखान्यात आला की आत काही दिसत नाही आणि स्लाइडही बिघडते. कडुनिंबाचं तेल तर मी नकोच म्हणेन. मांजर पंजानं कान पुसते, पंजा चाटते, आणि ते पोटात जातं. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस कानात काहीही घालू नका.

निदान झाल्यावर कान साफ करण्याचं काम मात्र घरी नीट करता येतं आणि त्यात चांगली बचत होते. पडदा ठीक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की कान धुण्याचं द्रावण वापरा. तेवढेही पैसे नसतील तर त्यांना विचारून साधं सलाइन घ्या. मेडिकलमध्ये लहान बाटली मिळते. मेण विरघळवायला ते कमी पडतं, पण निरुपद्रवी आहे. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा, कारण गार पाणी कानात गेलं की मांजर उसळते आणि पुढच्या वेळी टॉवेल दिसला तरी पलंगाखाली जाते. जुन्या टॉवेलात तिला मानेपर्यंत घट्ट गुंडाळा, पंजे आत. कानाची पाळी वर धरा, द्रावण कान भरेल इतकं सोडा. मग पाळीच्या खाली, जबड्याच्या मागे, बोटाला नळीसारखं काहीतरी कडक लागतं. तीच कानाची नळी. ती अंगठा आणि बोटात धरून अर्धा मिनिट चोळा. आतून पचपच आवाज यायला हवा. आवाज आला म्हणजे द्रावण खालपर्यंत पोचलंय. मग सोडून द्या आणि तोंड बाजूला घ्या, कारण ती डोकं झटकते आणि काळे शिंतोडे भिंतीपर्यंत जातात. बाहेर आलेलं कापसानं टिपा. इअरबड आत घालू नका. मांजरीच्या कानाची नळी आधी सरळ खाली जाते आणि मग आत वळते, त्यामुळे काडीनं मळ त्या वळणावर ठासला जातो. आठवड्यातून दोनदा पुरे. रोज धुतलं तर कातडी सोलवटते.

या झटापटीत ती चावली किंवा ओरबाडलं तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी रुग्णालयात जाऊन दाखवा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. घरची मांजर आहे म्हणून हे टाळू नका, बाहेर फिरणारी मांजर कुणाशी भांडून आली ते आपल्याला कळत नाही.

कानामागची जखम नख्यांमुळे चिघळते आहे, म्हणून मागच्या पायांच्या नख्यांची टोकं कापून घ्या, दवाखान्यात दोन मिनिटांचं काम आहे. खाजवता येऊ नये म्हणून गळ्यात घालायचा कोन विकत घ्यायची गरज नाही. जुन्या एक्स-रे फिल्मचा किंवा जाड पुठ्ठ्याचा करता येतो, गळ्याकडच्या कडेला मऊ कापडाची पट्टी लावा आणि दोन बोटं आत जातील इतका सैल ठेवा.

आता पिल्लू. माइट निघाले तर पिल्लाला लक्षणं नसली तरी त्याच दिवशी औषध द्यायचं. तुमच्या बजेटवर ताण येईल हे मला कळतं, पण ही एक गोष्ट कापू नका. एकट्या मनीचा उपचार केला तर महिन्याभरात पिल्लाकडून तिला किडे परत मिळतील, आणि तुम्ही तिसऱ्यांदा पैसे द्याल. आठ आठवड्यांपुढच्या पिल्लाला सेलामेक्टिन चालतं, ट्यूबचा आकार मात्र वजन करून डॉक्टर ठरवतील. दोघं झोपतात त्या चादरी आणि गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. किडा मांजरीच्या अंगाबाहेर काही दिवस तग धरतो.

हा सगळा हिशोब साध्या त्रासाचा झाला. मान एका बाजूला कलणं, चालताना तोल जाणं किंवा गोल फिरणं, डोळ्यांची बुबुळं आपोआप हलणं, एक बाहुली लहान होऊन तिसरी पापणी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा, वर येणं, यांपैकी काही दिसलं तर दुखणं मधल्या किंवा आतल्या कानात गेलंय. तेव्हा बजेट बाजूला ठेवून त्याच दिवशी जायचं. कानाची पाळी अचानक फुगून मऊ गादी झाली तर झटकण्यानं आत रक्त साठलंय. पावसाळ्यात कानामागच्या ओल्या जखमेत अळ्याही पडतात. जखमेतून घाण वास आला, मांजर जेवेनाशी झाली, तर तेही त्याच दिवशीचं काम. अशा वेळी डॉक्टरांना हप्त्यानं पैसे देण्याबद्दल सरळ विचारा. ओळखीच्या माणसाला बरेच दवाखाने ते करू देतात.

आणखी एक सुचवते. मनीला पिल्लं होऊन गेली आहेत, म्हणजे तिची नसबंदी झालेली नाही. पालिकेच्या किंवा संस्थेच्या सवलतीच्या शिबिरात ती करणार असाल, तर आधीच सांगून ठेवा की भुलीखाली असतानाच कान खोलवर बघून धुवा. जाग्या मांजरीच्या कानात तळापर्यंत नेहमीच नीट बघता येतं असं नाही, आणि फक्त कानासाठी भूल द्यायची म्हटलं तर तो वेगळा खर्च.

म्हणजे क्रम असा: आत्ता सगळे थेंब बंद, दोन-तीन दिवसांनी तपासणी आणि स्मिअर, माइट निघाले तर दोघांना एकाच दिवशी औषध, घरी धुणं. खाज आठवड्याभरात कमी व्हायला लागते, मळ मात्र तीन-चार आठवडे थोडाथोडा येत राहतो. त्याला घाबरून औषध बदलू नका. महिन्यानं दुसरा डोस द्या आणि त्याच वेळी पुन्हा एक स्लाइड करून घ्या. ती स्वच्छ निघाली आणि तरीही मनी खाजवत राहिली, तर मग किड्यांचा पिच्छा सोडून ॲलर्जीकडे वळायचं. मांजरांत ती खाण्यातली असू शकते आणि तिची तपासणी म्हणजे दोन महिने एकच ठरलेला आहार. त्याला पैशांपेक्षा चिकाटी जास्त लागते. तशी वेळ आली तर दुसऱ्या स्लाइडचा निकाल आणि मनी सध्या काय काय खाते ते लिहून पाठवा, आहार कसा ठरवायचा ते सांगते.